आधी चालणे, मग बोलणे : संगणकातील गर्दीचा इतिहास

‘एजंट’ हा शब्द आपल्या घरांत विम्याच्या हप्त्यासोबत आला. पुढे तो रेल्वेच्या तिकिटासोबत, जमिनीच्या व्यवहारासोबत आणि अलीकडे मुलांच्या परदेशातील प्रवेशासोबतही येऊ लागला. संगणकशास्त्रातला एजंट मात्र कोणाकडून कमिशन घेत नाही. तो पडद्यावरचा एक चिमुकला जीव असतो. त्याला आजूबाजूचे थोडेसे दिसते, त्या दिसण्यावरून पुढचे पाऊल कोठे टाकायचे ते तो स्वतः ठरवतो, आणि त्याच्यासारखे शेकडो-हजारो एकत्र सोडले की पडद्यावर गर्दी उभी राहते. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात प्रत्येक बाहुलीचा दोरा सूत्रधाराच्या बोटाला असतो. येथे सूत्रधार दोरे कापून टाकतो, प्रत्येकीला दोन-चार नियम शिकवतो आणि स्वतः प्रेक्षकांत जाऊन बसतो. या लेखात मी त्या जीवाला ‘पात्र’ म्हणणार आहे. नाटकवेड्या मराठी माणसाला हा शब्द जवळचा वाटेल.

ही पात्रे आधी चालायला शिकली आणि बऱ्याच उशिरा बोलायला. दोहोंमध्ये सुमारे अठरा वर्षे गेली. ती का गेली, आणि पात्रांना वाचा फुटल्यावर खऱ्या गर्दीविषयीची आपली समजूत कशी बदलली, एवढाच आजचा विषय. होमिओपॅथीच्या डॉक्टरने या भानगडीत का पडावे, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. बेळगावात पस्तीस वर्षे दवाखाना चालवताना यात्रा, मिरवणुका, पंचकल्याणक उत्सव अशा ठिकाणी प्रथमोपचाराच्या टेबलामागे मी अनेकदा बसलो आहे. तेथे आणलेल्यांत चेंगरलेला माणूस क्वचित असतो. बहुतेक जण घुसमटलेले, घाबरलेले असतात आणि पहिला प्रश्न एकच विचारतात, “डॉक्टर, पुढं झालंय तरी काय?” नाडी पाहण्याआधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. संगणकातल्या गर्दीविषयीचा पहिला प्रबंध माझ्या मुलीने मला वाचायला दिला, तेव्हा त्यात हाच प्रश्न निराळ्या वेशात भेटला, आणि मग मी त्याच्या मागे लागलो.

आरंभ पाखरांपासून झाला. क्रेग रेनॉल्ड्स हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ पक्ष्यांचे थवे पाहत असे. हजार पक्षी एकदम वळतात, कोणी पुढारी दिसत नाही, कोणी कोणाला धडकत नाही. प्रत्येक पक्ष्याचा मार्ग हाताने रेखाटायचा तर चित्रकाराचा जन्म जाईल. रेनॉल्ड्सने प्रत्येक पाखराला तीनच नियम दिले : शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी ज्या दिशेने व वेगाने चालले आहेत तसा चाल, आणि जवळच्यांच्या मधोमध राहण्याचा प्रयत्न कर. १९८७ साली अमेरिकेत ॲनाहाइम येथे भरलेल्या संगणक-चित्रकलेच्या परिषदेत त्याने हा प्रबंध मांडला. या पाखरांना त्याने ‘बॉइड’ असे नाव दिले होते. पाच वर्षांनी ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटात वटवाघळांचे थवे आणि पेंग्विनच्या फौजा याच युक्तीने हलल्या.

या पाखरांचा एक गुण लक्षात ठेवा. ती मुकी आहेत. शेजाऱ्याची जागा आणि वेग त्यांना दिसतो, त्याच्या मनातले कळत नाही. कोणी कोणाला काही सांगत नाही. थव्याच्या एका टोकाला ससाणा दिसला तर दुसऱ्या टोकाला त्याची खबर ‘वळण’ म्हणूनच पोचते, ‘ससाणा’ म्हणून पोचत नाही.

माणसांच्या गर्दीचे गणित आठ वर्षांनी आले, आणि ते मांडले पदार्थविज्ञानाच्या माणसांनी. जर्मनीतील डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी १९९५ साली असे प्रतिपादन केले की, पायी चालणाऱ्या माणसावर जणू काही बले काम करत असतात. एक बल त्याला मुक्कामाकडे ओढते. दुसरे त्याला इतर माणसांपासून आणि भिंतींपासून दूर लोटते. या बलांची बेरीज केली की माणूस कोठे जाईल ते सांगता येते. हे ऐकायला रुक्ष वाटते, पण दिवाळीच्या आधीच्या रविवारी आपल्या गणपत गल्लीत उभे राहा. पोलीस नसतो, दोरी बांधलेली नसते, तरी जाणाऱ्यांची एक रांग आणि येणाऱ्यांची दुसरी रांग आपोआप पडलेली असते. समोरून येणाऱ्याला टाळत टाळत माणूस नकळत आपल्याच दिशेने जाणाऱ्याच्या पाठीमागे लागतो. हेल्बिंग-मोल्नारच्या पडद्यावर अशाच रांगा पडल्या, आणि कोणी त्यांना रांग करायला सांगितले नव्हते. अरुंद दारापाशी काही वेळ इकडचे, काही वेळ तिकडचे लोक पार होतात, ती आळीपाळीही पडद्यावर आपोआप उमटली.

येथे थोडे विषयांतर करतो. जैन मुनींसाठी सांगितलेल्या पाच समितींत पहिली ईर्यासमिती. पुढची चार हात जमीन पाहून, कोणा जीवाला धक्का न लावता चालावे. दुसरी भाषासमिती : मोजके, हितकर आणि खरे बोलावे. चालण्याचा नियम आधी आणि बोलण्याचा लगेच त्याच्यामागे. आमच्याकडे लहानपणी ही यादी पाठ करून घेत, तेव्हा हा क्रम कधी जाणवला नव्हता. संगणकातल्या पात्रांचा क्रमही तोच पडला. फक्त त्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या समितीत बराच काळ लोटला.

का लोटला? तंत्राची अडचण होतीच. त्या काळच्या यंत्रांना शंभर पात्रे चालवतानाच धाप लागे. पण मला वाटते, खरे कारण जुन्या एका पुस्तकात आहे. गुस्ताव्ह ल बाँ या वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या फ्रेंच लेखकाने १८९५ साली गर्दीच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. गर्दीत शिरलेला माणूस आपली बुद्धी दारात ठेवून आत जातो, तेथे तो विचार करत नाही, फक्त वाहत जातो, असा त्याचा आशय. पॅरिसच्या उठावांचा धसका घेतलेल्या उच्चवर्गीयाचे हे मत होते, पण ते शास्त्र म्हणून खपले आणि शतकभर टिकले. गर्दी जर अविचारी प्रवाह असेल तर तिला पाण्याचे गणित पुरते. पाण्याच्या थेंबांना एकमेकांशी बोलायची गरज काय?

हेल्बिंगने इल्येश फार्काश आणि तमाश व्हिचेक या हंगेरियन सहकाऱ्यांसह २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात जो गाजलेला प्रबंध लिहिला, त्यात हा जुना समज आणि नवे गणित दोन्ही एकत्र दिसतात. बंद सभागृहातून लोक घाबरून बाहेर पळत आहेत. त्यांनी जितकी जास्त घाई करावी तितका दारापाशी गर्दीचा कमानीसारखा बुच बसतो आणि बाहेर पडायला अधिक वेळ लागतो. लग्नाच्या पंगतीला दार उघडल्यावर काय होते हे पाहिलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही. पण त्याच प्रबंधात धुराने भरलेल्या खोलीचा एक प्रयोग आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दारे कोठे आहेत ते कोणालाच दिसत नाही. प्रत्येक जण फक्त स्वतःच्या अंदाजाने चालला तर दार सापडणे दैवाधीन. सगळेच जण शेजाऱ्याच्या मागे गेले तर सारा घोळका एकाच दाराशी जाऊन अडकतो आणि दुसरे दार रिकामे राहते. थोडे स्वतःचे आणि थोडे दुसऱ्याचे पाहणारे लोक सर्वांत चांगले निभावतात. येथे वाचताना मी थांबलो. त्या खोलीत ज्याला दुसरे दार सापडले, त्याने नुसते “इकडे या” म्हटले असते तर? त्या प्रारूपात तोंड उघडण्याची सोय नव्हती.

खऱ्या जगात मात्र एकाने तोंड उघडले होते. २८ मे १९७७ ची रात्र. अमेरिकेच्या केंटकी राज्यात साउथगेट गावी ‘बेव्हर्ली हिल्स सपर क्लब’ नावाचे अवाढव्य विश्रांतिगृह होते. जेवण, गाणे, विनोदी कार्यक्रम असा थाट. त्या रात्री इमारतीच्या एका बाजूच्या दालनात आग लागली. धोक्याची घंटा नव्हती, छतातून पाणी फवारण्याची सोय नव्हती. कॅबरे रूम या मोठ्या सभागृहात हजाराच्या आसपास लोक दाटीवाटीने बसले होते आणि रंगमंचावर दोघे विनोदवीर प्रेक्षकांना हसवत होते. टेबले आवरणारा वॉल्टर बेली नावाचा अठरा वर्षांचा मुलगा वरिष्ठाच्या हुकमाची वाट न पाहता सरळ रंगमंचावर चढला. त्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला, बाहेर जाण्याची दारे कोणत्या कोपऱ्यांत आहेत ती हाताने दाखवली, इमारतीत आग लागली आहे, शांतपणे बाहेर पडा, असे सांगितले आणि खाली उतरला. काहींना तो विनोदाचाच भाग वाटला. पण कित्येक लोक उठले. थोड्याच वेळात धूर आत शिरला. त्या आगीत १६५ माणसे गेली, बहुतेक त्याच सभागृहातली. मात्र त्या मुलाच्या चार वाक्यांनी शेकडो वाचले, हे सर्वांनी मान्य केले.

नॉरिस जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने पुढे वाचलेल्या लोकांच्या पोलिसांनी घेतलेल्या जबान्या तपासल्या. ल बाँच्या पुस्तकाप्रमाणे त्यांत एकमेकांना तुडवणारे हिंस्र पशू दिसायला हवे होते. दिसले ते निराळेच. नवऱ्याने बायकोचा हात सोडला नाही, एका टेबलावरचे लोक एकत्र निघाले, वेट्रेसनी आपापल्या गिऱ्हाइकांना बाहेर नेले, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत माणसे बरीचशी माणसांसारखी वागली. जॉन्सनचा हा अभ्यास छापला गेला १९८७ साली. ज्या वर्षी संगणकाच्या पडद्यावर मुकी पाखरे उडू लागली, त्याच वर्षी खरी माणसे गर्दीतही बोलतात, थांबतात, विचारतात हे कागदावर आले. दोन्ही शास्त्रांची गाठ पडायला आणखी बराच काळ जायचा होता.

दरम्यान चित्रपटवाल्यांनी पात्रांना कान दिले, पण ते करमणुकीसाठी. न्यूझीलंडमधील स्टीफन रेगेलस याने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रमालिकेतील लढायांसाठी ‘मॅसिव्ह’ नावाची प्रणाली रचली. तिच्यातील प्रत्येक सैनिकाला स्वतःची दृष्टी आणि श्रवण होते. सुरुवातीच्या एका चाचणीत काही सैनिक रणांगण सोडून पळत सुटले. “यंत्रातले सैनिकही शहाणे निघाले, मरायला तयार होईनात” अशी दंतकथा जगभर पसरली. प्रत्यक्षात घडले ते असे की त्यांच्या नजरेच्या टप्प्यात शत्रू उरला नव्हता आणि मागे वळून पाहण्याचा नियम त्यांना दिलेला नव्हता. म्हणून ते नाकासमोर धावत राहिले. भ्याडपणा नव्हे, माहितीचा अभाव. माझ्या टेबलासमोर येणाऱ्या बऱ्याच रुग्णांचे निदानही हेच असते.

गर्दीतल्या दुर्घटनांचा अभ्यास करणारे अमेरिकन अभियंते जॉन फ्रुइन यांनी १९९३ साली अशा अपघातांची चार अंगे सांगितली : बल, माहिती, जागा आणि वेळ. पुढे माणसे पडली आहेत हे मागच्याला कळत नाही, म्हणून मागचा रेटत राहतो. त्याच्या दृष्टीने रांग फक्त थोडी सरकलेली असते. तो दुष्ट नसतो. पुढची खबर मागे आणणारे कोणीच नसते.

गाठ पडली ती फिलाडेल्फियात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर हे संगणकातील मानवी आकृत्यांवर बरीच वर्षे काम करत होते. त्यांच्याकडे स्पेनमधून आलेल्या नूरिया पेलेचानो या तरुण संशोधिकेने २००५-०६ मध्ये पात्रांना बोलते केले. त्याआधी तुरळक प्रयत्न झाले होते. स्वित्झर्लंडमध्ये सोराया मुसे आणि डॅनियल थालमान यांनी पात्रांचे गट आणि गटांचे म्होरके केले होते. पण पेलेचानोने विचारलेला प्रश्न नेमका होता. अनेक खोल्यांची भुलभुलैयासारखी इमारत आहे. आग लागली आहे, काही वाटा बंद झाल्या आहेत, कोणत्या ते आधी कोणालाच ठाऊक नाही. प्रत्येक पात्राच्या डोक्यात इमारतीचा तुकड्यातुकड्यांचा नकाशा आहे. ते एकेक खोली धुंडाळत जाते आणि नकाशा वाढवत जाते. आता दोन पात्रे एका खोलीत भेटली तर त्यांनी काय करावे?

जुन्या प्रारूपांत उत्तर होते, धक्का टाळून निघून जावे. नव्या प्रारूपात ती थांबून नकाशे जुळवतात. “त्या जिन्याकडे जाऊ नका, धूर आहे.” “उजवीकडच्या चार खोल्या पाहिल्या, बाहेर जायला वाट नाही.” एवढेच बोलणे. पण एवढ्याने इमारत कितीतरी लवकर रिकामी होऊ लागली, कारण एकाने फुकट घातलेला हेलपाटा दुसऱ्याला घालावा लागत नव्हता. मग तिने पात्रांना भूमिका दिल्या. काही जण प्रशिक्षित, इमारत पूर्ण माहीत असलेले. काही स्वभावाने पुढारी, माहीत नसले तरी शोधायला निघणारे. आणि बाकीचे अनुयायी. असे दिसले की प्रशिक्षितांचे प्रमाण थोडे असले तरी पुरते. ते वाढवत नेले तरी फायदा त्या मानाने वाढत नाही. योगायोग पाहा, २००५ सालीच इयन कझिन आणि सहकाऱ्यांनी माशांच्या व पाखरांच्या थव्यांबद्दल असेच काही सिद्ध केले होते. कळप जितका मोठा, तितके वाट जाणणाऱ्यांचे आवश्यक प्रमाण कमी.

हे वाचल्यावर मिरवणुकीतल्या स्वयंसेवकांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. आपल्याकडे विसर्जनाला मंडळाचे शंभर कार्यकर्ते छातीवर बिल्ला लावून उभे असतात. त्यांना विचारा, “कपिलेश्वर तलावाकडून परतायची वाट कोणती ठेवली आहे?” शंभरांतल्या पाचांना नीट सांगता आले तरी बरेच झाले. बिल्ले कमी आणि माहिती जास्त असावी, असे माझे मत झाले आहे.

येथवर बोलण्याची चांगली बाजू झाली. पण बोलण्याने नकाशा पसरतो तशी भीतीही पसरते. आणि तिच्या गणिताचे मूळ आपल्या मुंबईत आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, तेथे त्याला मुद्दाम मारतात, अशा वावड्या उठल्या आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. साथ पुढे वर्षानुवर्षे येत राहिली. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती मृत्यू झाले याचे आकडे नोंदले गेले होते. कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले मॅकेंड्रिक आणि प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनज्ञ कर्मॅक या दोघांनी एडिंबरोत बसून १९२७ साली साथीच्या रोगांचे गणित मांडले, तेव्हा ते पडताळायला त्यांनी हेच मुंबईचे आकडे घेतले. निरोगी, बाधित आणि साथीतून बाहेर पडलेले असे लोकांचे तीन वर्ग, आणि एका वर्गातून दुसऱ्यात जाण्याचा वेग. कोरोनाच्या दिवसांत दूरचित्रवाणीवर जे चढ-उतारांचे आलेख आपण भीत भीत पाहत होतो, त्यांचे पूर्वज हेच.

१९६४ साली केंब्रिजच्या डेली आणि केंडॉल यांनी विचारले, अफवा रोगासारखीच पसरते काय? त्यांनीही तीन वर्ग केले : न ऐकलेले, पसरवणारे आणि ऐकूनही गप्प बसलेले. पण एक फरक त्यांच्या ध्यानात आला, आणि तो डॉक्टर म्हणून मला फार आवडतो. रोगी काही दिवसांनी आपोआप बरा होतो. अफवा पसरवणारा तसा बरा होत नाही. तो मोठ्या उत्साहाने सांगायला जातो, समोरचा म्हणतो, “हे मला कालच कळले,” आणि याचा उत्साह मावळतो. अफवेवरचा उतारा म्हणजे आधीच ऐकलेला माणूस. त्यांच्या गणितात असेही निघाले की अफवा कितीही रंगली तरी सुमारे वीस टक्के लोकांपर्यंत ती कधीच पोचत नाही. आमच्या गल्लीत हे वीस टक्के कोण असावेत याचा मी विचार केला, पण नावे सुचली नाहीत.

हे सगळे केवळ कागदी नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. रेल्वेच्या चौकशीत अचानक आलेला पाऊस आणि जिन्यावर थांबून राहिलेली गर्दी हे कारण निघाले. पण वाचलेल्या एका तरुणीने सांगितलेली हकीकत तेव्हा वृत्तपत्रांत आली होती. फुलवाल्याचे ओझे पडले, कोणी हिंदीत ‘फूल गिर गया’ म्हणाले आणि गर्दीने ‘पुल गिर गया’ ऐकले. ही हकीकत त्या अपघाताचे पूर्ण कारण मानू नये. पुलाची रुंदी आणि माणसांची संख्या हे मूळ दुखणे होते. तरीही एका अक्षराच्या फरकाने माणसे पळू लागतील हे कोणालाही अशक्य वाटले नाही.

ॲमस्टरडॅममध्ये अशी एक घटना कॅमेऱ्यांत नोंदली गेली. ४ मे २०१० रोजी सायंकाळी तेथील डाम चौकात महायुद्धातील मृतांसाठी दोन मिनिटांचे मौन चालू होते. राणी बिआट्रिक्स उपस्थित होत्या. त्या शांततेत एक माणूस किंचाळला. त्या पाठोपाठ लोक चौकातून पळू लागले, लोखंडी कठडे आडवे झाले, अनेक जण जखमी झाले. शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसले आणि त्याच्या तोंडून जे ऐकू आले, त्यावरून माणसे धावली. तेथील विद्यापीठात टिबोर बोसे, यान ट्रूर आणि सहकाऱ्यांनी पात्रांच्या भावना, समजुती आणि हेतू एकमेकांकडे कसे संक्रमित होतात याचे प्रारूप बांधले होते. त्यांनी या प्रसंगाची चित्रफीत घेतली, तिच्यातील माणसे कशी पळाली ते टिपले आणि आपल्या पात्रांशी ताडून पाहिले. भीतीचे संक्रमण धरले तर पात्रांचे मार्ग खऱ्या माणसांच्या मार्गांच्या अधिक जवळ आले. ते वगळले तर दूर गेले. मुक्या पाखरांवर चालणाऱ्या गणिताची मर्यादा येथे खऱ्या चौकात मोजली गेली.

त्याच सुमारास, २०११ साली, लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बेतलेले एक प्रारूप प्रसिद्ध झाले. त्याच्या कर्त्यांत मिलिंद तांबे हे नाव वाचून आपले कान टवकारले असतील. पिलानीत शिकलेले तांबे तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पात्रांत एकटे प्रवासी होते, कुटुंबे होती, अधिकारी होते. माहिती आणि भीती दोन्ही एकाकडून दुसऱ्याकडे जात. कुटुंबातली माणसे आधी एकमेकांना शोधत आणि मगच दाराकडे वळत. अधिकारी जवळ आला की भीती उतरे आणि वाट कळे. जॉन्सनने १९८७ साली जबान्यांत वाचले होते ते अखेर चोवीस वर्षांनी संगणकाच्या नियमांत उतरले.

तरी या प्रबंधांत एक गोष्ट गृहीत धरलेली मला दिसते : सांगितलेले समोरच्याला कळते. दोन पात्रे भेटली, नकाशे जुळले. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे गृहीतक पटणे कठीण. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या यात्रेत मी वैद्यकीय सेवेला होतो. रांगेचा मार्ग बदलल्याची घोषणा कर्णा लावून कानडीत आणि हिंदीत होत होती. सांगली-कोल्हापूरकडच्या म्हाताऱ्या बायका मात्र जुन्याच वाटेने ढकलत होत्या. निपाणीकडच्या एक बाई तेथे उभ्या होत्या. त्या घोषणा ऐकत आणि आजूबाजूच्यांना मराठीत सांगत, “आजी, ती वाट बंद केली, इकडनं चला.” कोणी उलट प्रश्न विचारला तर त्या तो कानडीत पोलिसाला विचारून उत्तर मराठीत आणत. पाऊण तास त्या तशाच उभ्या होत्या. पेलेचानोच्या यादीत प्रशिक्षित, पुढारी आणि अनुयायी अशा तीन भूमिका आहेत. या बाई त्यांपैकी कोणीच नव्हत्या. त्यांना इमारत माहीत नव्हती, त्या पुढेही झाल्या नव्हत्या. त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. बेळगावची, इंदूरची, बडोद्याची किंवा हैदराबादची गर्दी कोणी संगणकात बांधायला घेतली तर ही चौथी भूमिका त्याने धरावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पात्रांच्या बोलण्याचा शेवटचा टप्पा अगदी ताजा आहे. आतापर्यंत सांगितलेली पात्रे ‘बोलतात’ म्हणजे आकडे आणि नकाशे देतात. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पंचवीस पात्रांचे एक गाव वसवले, ज्यात पात्रे खरोखरच वाक्ये बोलतात, आठवणी ठेवतात, दिवसाचे बेत आखतात. त्यांची वाक्ये भाषा शिकलेल्या नव्या संगणक-प्रणालीतून येतात. त्यांनी एका पात्राच्या मनात एवढेच घातले की व्हॅलेंटाइन दिनी आपल्या उपाहारगृहात मेजवानी ठेवावी. दुसऱ्याच्या मनात घातले की नगराध्यक्षपदाची निवडणूक लढवावी. पुढे काही सांगितले नाही आणि दोन दिवस वाट पाहिली. बातम्या तोंडातोंडी फिरल्या. पंचवीसांपैकी आठांना उमेदवारीची खबर लागली, तेरांना मेजवानीची. निवडणुकीपेक्षा जेवणाची बातमी लांब गेली, याचे मराठी माणसाला आश्चर्य वाटू नये. मेजवानीचे निमंत्रण बारा जणांना होते. त्यांपैकी पाच आले. न आलेल्या सातांना संशोधकांनी कारण विचारले. तिघांनी दुसरे काम होते असे सांगितले. उरलेल्या चौघांनी यायची इच्छा फार होती असे म्हटले, पण त्या दिवसाच्या बेतांत त्यांनी मेजवानी धरलीच नव्हती. आपल्या मंडळाच्या कार्यवाहांना हा भाग मी वाचून दाखवला. ते म्हणाले, “बारांतले पाच? डॉक्टर, त्यांची उपस्थिती आपल्यापेक्षा बरी आहे.”